साकोली बंदर आणि भाऊंची कामगिरी

अहवालाच्या चौथ्या पानावर कोळंबी निघाली आणि मी टायपिंग थांबवलं.

सोमवारी पक्षाचे निरीक्षक भंडाऱ्याला येणार होते. आमच्या आमदारांना दुसऱ्यांदा तिकीट द्यावं की नाही, ते त्यांच्या शेऱ्यावर ठरणार होतं. त्यांच्यापुढे ठेवायचा कार्यअहवाल माझ्याकडे होता, कारण मी आमदारांची पी.ए. होते. आमदारांना सगळा जिल्हा भाऊ म्हणायचा, म्हणून मीही भाऊच म्हणायची. माझे यजमान जवाहरनगरच्या फॅक्टरीत होते, त्यामुळे आमची चूल काही माझ्या पगारावर पेटत नव्हती. पण त्या ऑफिसात मला माझं स्वतःचं टेबल होतं. वर काच, काचेखाली कॅलेंडर, बाजूला नवाकोरा कॉम्प्युटर. भाऊंचं तिकीट गेलं की टेबल गेलं. चाळिशीतल्या मला त्या टेबलाचा केवढा तोरा होता, ते आठवलं की आता हसू येतं.

भाऊ वरच्या सभागृहाचे, म्हणजे विधान परिषदेचे आमदार. अहवालाचा पहिला भाग सोपा होता, जीवनपरिचय. पितळी भांड्यांचं दुकान, मग बाजार समिती, मग जिल्हा परिषद. गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यावर पक्षाचे दोन गट मुंबईला कोणाला पाठवायचं यावर भांडत बसले. शेवटी ज्याच्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही असा माणूस शोधला, ते भाऊ. तक्रार नव्हती, कारण भाऊ कोणत्याच बैठकीत कधी बोलले नव्हते. मी टाइप केलं, 'मितभाषी व सर्वमान्य नेतृत्व.'

दुसरा भाग, सभागृहातली कामगिरी. त्यासाठी मी कार्यवृत्तं मागवली होती. सभागृहात जे जे बोललं जातं त्याची शब्द न् शब्द नोंद म्हणजे कार्यवृत्त. सहा वर्षांत भाऊंचं एकच भाषण सापडलं. ते पूर्ण देते. "सभापती महोदय, हा पंखा जरा हळू करता येईल काय?"

तारांकित प्रश्न मात्र ढीगभर होते. ज्या प्रश्नाला मंत्र्यानं सभागृहात उभं राहून उत्तर द्यायचं असतं, त्यावर ताऱ्याची खूण असते. भाऊंच्या नावावर एवढे तारे पाहून मी हरखून गेले. मग वाचायला लागले. कोळंबीचे भाव. मच्छीमार बोटींचं डिझेल. एका जेट्टीची, म्हणजे बोटी लागायच्या धक्क्याची, दुरुस्ती. तीच जेट्टी, दर अधिवेशनात. भंडाऱ्याहून समुद्र गाठायचा तर अख्खा महाराष्ट्र ओलांडावा लागतो.

"भाऊ, हे प्रश्न तुम्ही विचारले?"

"कोणते?" भाऊ चहा बशीत ओतत होते.

"कोळंबीचे."

"मी कायले कोळंबी विचारू? मी तं फक्त सही करून देत होतो."

मग उलगडा झाला. एका आमदाराला दिवसाला ठरावीकच प्रश्न देता येतात. भाऊंच्या शेजारी कोकणातले एक आमदार बसायचे. त्यांच्याकडे प्रश्न जास्त, फॉर्म कमी. भाऊंकडे नेमकं उलटं.

"तो म्हणे, भाऊ, तुमचे फॉर्म कोरेच पडून राहते, वाया जाते. मले पटलं. मी एकदम गठ्ठा सही करून दिला त्याले. भला माणूस आहे."

"आता निरीक्षकांना काय दाखवू?"

"तुम्ही शिकलेल्या आहा, बाई. करा ना काही तरी."

शिकलेली! हा शब्द ऐकला की माझं डोकं चालायचं बंद व्हायचं. मी नुकताच कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. त्यात एक युक्ती शिकवली होती. एक शब्द द्यायचा, त्याच्या जागी दुसरा द्यायचा, बटण दाबायचं, सगळ्या पानांवर बदल होतो. मी 'समुद्र' काढून 'वैनगंगा' घातली. 'कोळंबी'चे 'झिंगे' केले, आमच्या तलावांत तेच मिळतात. बंदराचं नाव काढून 'साकोली' घातलं, कारण तालुका मोठा आणि मतं बरी. एका दुपारी अख्खी कोकणपट्टी भंडारा जिल्ह्यात आणून बसवली. पुन्हा वाचून पाहिलं का? छे! कॉम्प्युटरनं केलेलं काय तपासायचं! स्पायरल बाइंडिंग करून आणलं आणि सोमवारी नवं लुगडं नेसून विश्रामगृहावर हजर झाले.

निरीक्षक गाडीतून उतरले. भाऊंनी त्यांना कडकडून मिठी मारली.

"अरे वा! तुम्हीच आले काय!"

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हेच ते. माझ्या शेजारी बसते."

कोळंबीवाले आमदार ते हेच! मी अहवाल परत घ्यायला हात पुढे केला. पण साहेबांनी अहवाल उघडलासुद्धा. दोन पानं वाचली. चष्मा पुसला. पुन्हा वाचली.

"भाऊ, ही 'अरबी वैनगंगा' काय आहे?"

भाऊंनी अहवाल उघडूनही पाहिला नव्हता. पण मागे हटतील तर भाऊ कसले!

"नदी लय मोठी आहे, साहेब. पावसाळ्यात पाहा. हा काठ दिसते तं तो दिसत नाही."

"आणि तिला ओहोटी येते?"

"येते ना. उन्हाळ्यात. गुडघाभर पाणी राहत नाही."

"साकोली बंदर कुठं आहे?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. आता इथे शहाण्या बाईनं गप्प बसायचं असतं. मी बोलले.

"हायवेवर आहे, साहेब."

"बंदर? हायवेवर?"

"हो. एस.टी. थांबते."

साहेबांनी एका ओळीवर बोट ठेवलं. आवाज अगदी मऊ झाला. "बाई, ही जेट्टी माझ्या गावची आहे. सहा वर्षं मी तिच्या मागे लागलोय. आणि तुम्ही ती नागझिऱ्याच्या जंगलाशेजारी नेऊन बांधली?"

"बांधली नाही साहेब," मी घाबरून म्हणाले. "खाली मंत्र्यांचं उत्तर आहे ना, 'प्रश्न उद्भवत नाही.'"

साहेबांनी पेन काढलं, टोपण लावलं, पुन्हा काढलं. मी मनातल्या मनात काचेखालचं कॅलेंडर काढून पिशवीत ठेवलं होतं. पण त्यांची अडचण मला हळूहळू दिसायला लागली. हे प्रश्न भाऊंचे नाहीत असं लिहावं, तर ते कोणाचे हे सांगावं लागणार. आणि भाऊंच्या सहीचा गठ्ठा त्यांच्याकडे कसा गेला, तेही.

भाऊंनी जेवायला झिंग्यांचा रस्सा मागवला. साहेबांनी दोनदा वाढून घेतला, घाम पुसला आणि शेरा लिहिला. 'कामगिरी व्यापक. दृष्टी जिल्ह्यापलीकडची.'

भाऊंनी पेढे वाटले. मी टेबलाची काच पुसून घेतली.

महिन्याभरात तिकीट दुसऱ्यालाच मिळालं. मुंबईहून कारण कळलं ते असं, की भाऊंची दृष्टी जिल्ह्यापलीकडे आहे हे निरीक्षकच लेखी देतात, तेव्हा जिल्ह्याकडे पाहणारा कोणी तरी द्यावा. भाऊंना फारसं वाईट वाटलं नाही. "तिथं पंखा लय जोरात राहते, बाई," एवढंच म्हणाले आणि दुकानात जाऊन बसले.

नवीन आमदारांनी ऑफिस, टेबल आणि मी, तिन्ही तशीच ठेवली. बोलण्यात तेही भाऊंपेक्षा वरचढ नव्हते. पहिल्याच अधिवेशनाआधी मी त्यांच्यापुढे कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा ठेवला.

"इथं सह्या करा, साहेब."

"कायच्या आहेत?"

"वाया जाऊ नयेत म्हणून."

त्यांनी केल्या. मी गठ्ठा खणात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला. पुढची सहा वर्षं तलावांचा गाळ, धान खरेदी केंद्रं, आणि जिल्हा फुटल्यावर गोंदियाला गेलेल्या, परत न आलेल्या फायली, सगळं सभागृहात तारा लावून गेलं. प्रत्येक प्रश्न मी दोनदा वाचत होते. अधूनमधून साहेब पेपर घेऊन टेबलाशी यायचे आणि विचारायचे, "बाई, मी हे काहून विचारलं?"

मी त्यांना सांगायची.

नात म्हणते, आजी, हा सरळसरळ फ्रॉड आहे. असेल बाई. मी एवढंच शिकले, की आमदारानं कोऱ्या कागदावर सही करणं काही थांबत नाही. तो कागद कोणाच्या खणात जातो, तेवढं पाहायचं.