पडद्याच्या अलीकडचा देव

'आधी कायबी नव्हतं, बघ,' असं म्हणून तो दोन्ही तळहात एकमेकांवर झटकायचा. भाकऱ्या झाल्यावर बाई पीठ झटकते ना, तसे. जणू काहीच नसणं हेसुद्धा त्यानं आत्ताच स्वतःच्या हातानं थापून ठेवलंय. मग एक पाय उचलून हवेत पुढं टाकायचा, आणि तिथं जमीन आहे का ते अंगठ्यानं चाचपायचा. जमीन नसायची. तरी तो चालत सुटायचा.

एवढं बघितलं की तंबूतला माणूस बिडी विझवून सावरून बसायचा.

तंबू म्हणजे सिनेमाचा. सुगी झाली की कराडपासनं मिरजेपर्यंत गावोगावच्या जत्रा धरत आमचा फिरता सिनेमा जायचा. मी भोंगा घेऊन ओरडायला होतो. सातवी पास झालो, पण शाळेत शिकलो काय म्हणाल, तर हेडमास्तरांचं खोकणं, शिपायाच्या वहाणांची फटफट, आणि इन्स्पेक्टरसाहेब दारात आले की गुरुजींचा होणारा मऊ आवाज. एवढ्या विद्येवर कचेरीत कोण घेतो? तंबूत घेतलं.

तो इंजिनवाला होता. विजेचं इंजिन बाहेर लिंबाखाली धडधडायचं, त्याला तेलपाणी करायचा. लढाईतनं परत आलेला. पलटणीत लॉरी चालवायचा, पण आमच्याकडं खाकी कोट घालून आलेला प्रत्येकजण मेजरच, तसा तोही मेजर. घसा मात्र तिकडंच ठेवून आला होता. लॉरीनं पेट घेतला, धूर आत गेला, आणि तेव्हापासनं तो बोलला की पत्र्यावर कानस घासल्यागत वाटायचं. शेजारी बसलेल्याला कळायचं, जरा लांब बसलेल्याला नुसती खरखर.

ह्या घशापायी तो मिसर देशात दवाखान्यात लय दिवस पडून होता. शेजारच्या खाटांवर जगभरातली माणसं. कुणाची भाषा कुणाला येत नाही, ह्याला तर तोंडच उघडता येत नाही. मग हातवारे करून एकमेकांना सांगायचं तरी काय? 'घरचं सांगाया लागलं की गडी रडत्यात,' तो म्हणायचा, 'म्हणून आमी जग कसं झालं ते सांगायचो.' ज्याच्या त्याच्या मुलखात ज्याच्या त्याच्या आजीनं सांगितलेलं. आणि रविवारी त्याच दवाखान्यात भिंतीला चादर लावून गोऱ्यांची ती उड्या मारणारी चित्रं दाखवायचे. तुम्हीही बघितली असतील. मांजर वरवंट्याखाली सापडून पापड होतं आणि एक शिंक देऊन परत मांजर होतं, तसली कार्टुनं. मेजरच्या डोक्यात ह्या दोन्ही गोष्टी एकात एक कालवल्या गेल्या. जग झालं, पण असं दणादण आपटत झालं, ह्याबद्दल त्याला शंका राहिली नाही.

हे आम्हाला कळलं कराडात. आमच्याकडं मशीन एकच. एक रीळ संपलं की दुसरं चढवेपर्यंत लोकांनी नुसतं बसायचं. त्या दिवशी रीळ तुटलं. शिट्ट्या सुरू झाल्या, शेंगांची टरफलं उडायला लागली, मालकाला घाम फुटला. तेवढ्यात मेजर बाहेरनं आत आला. गॅसबत्ती उचलून जमिनीवर ठेवली आणि तिच्यापुढं उभा राहिला. पडद्यावर ताडासारखी सावली पडली. माझ्याकडं बघून म्हणाला, 'गड्या, आवाज तू दे.'

पहिली गोष्ट मिसरची. सगळीकडं पाणी. मधी एक ढिगारा, ढिगाऱ्यावर देव. एकटा. कंटाळलेला. इकडं बघतो, तिकडं बघतो, स्वतःशीच गजगे खेळतो आणि स्वतःच हरतो. मग नाकात काय जातं कुणास ठाऊक, शिंक येते. मी आमच्या हेडमास्तरांची शिंक दिली, ती दोन वर्गांपलीकडं ऐकू जायची. त्या शिंकेतनं वारा जन्माला आला आणि वाऱ्यानं पहिलं काय केलं, तर देवालाच ढिगाऱ्यावरनं उडवलं. देव हवेत चालतोय, चालतोय, पडत नाही. मग खाली बघतो. बघितलं की पडतो. पाण्यातनं वर येऊन तोंडातनं एक मासा काढतो आणि 'बरं, मासंबी झालं' अशी मान हलवतो.

दुसरी चिनी खलाशाची. अंड्यात एक राक्षस झोपलेला. उठतो ते डोकं कवचाला आपटतं. टेंगूळ येतं. टेंगूळ वाढत जातं आणि त्या टेंगळानंच तो आभाळ वर ढकलत नेतो. मी डोक्याभोवती चिमण्या चिवचिवल्या. मालकानं रीळ चढवलं तर लोक ओरडले, 'थांबा की जरा.'

एका गावात एका म्हाताऱ्यानं त्याला गाठलं. 'देवाची चेष्टा करतोस व्हय रं?'

'आवं आबा, त्यो त्यांचा देव. आपला न्हाई.'

'मग आपल्या देवाचं कवा करणार?'

'आपला पडत न्हाई. मज्जा येत न्हाई त्यात.'

म्हाताऱ्यानं विचार केला आणि दुसऱ्या दिवशी नातवंडं घेऊन आला.

आता तुम्ही म्हणाल, मोठा गमत्या माणूस. तसा तो नव्हता. खेळ संपला की इंजिनाशेजारी जाऊन बसायचा. आम्ही सगळे एका ताटात जेवायचो, तो भाकरी हातावर घेऊन तिकडं. मी एकदा विचारलं, 'मेजर, तुमचं घर कुठं हाय?'

म्हणाला, 'खाली बघाया लावू नगंस.'

आष्ट्याला मुक्काम पडायचा होता, त्याच्या आदल्या दिवशी मात्र त्यानं कोट धुतला. वाळत घातला आणि त्याच्यासमोर बसून राहिला, कुणी चोरून नेईल तसा. मग आपणहून सांगितलं. तो पलटणीत गेला तेव्हा त्याची पोरगी पाळण्यात होती. मागं बायको तापानं गेली. पोरगी आष्ट्याला मामाकडं वाढली. हौसा तिचं नाव. परत आल्या आल्या हा तिला आणायला गेला. दारात उभा राहून हाक मारली. तो आवाज ऐकून पोरीनं किंकाळी फोडली आणि चुलीमागं जाऊन बसली. दोनदा गेला, दोन्ही वेळा तेच.

'मामा काय म्हणतो?'

'मेव्हणा चांगला हाय. म्हणतो, दाजी, पोरगी आपल्या पायानं तुमच्याकडं आली तर आजच न्या. रडवून मी द्यायचो न्हाई.' मग म्हणाला, 'सावलीला पोरं भीत न्हाईत, गड्या. व्हय का न्हाई?'

मी म्हटलं, 'व्हय.' तवा मला कळलं की कराडपासनं हा जे पडत-आपटत होता, ती नुसती तालीम होती.

आमच्या तंबूची एक रीत सांगायला पाहिजे. पडदा मधोमध. अलीकडं गडीमाणसं, पलीकडं बायका आणि पोरं. पडदा पाणी मारून ओला केला की चित्र दोन्ही बाजूंनी दिसतं. पलीकडनं अक्षरं उलटी दिसतात, पण वाचणार कोण? तर आष्ट्याच्या पहिल्या खेळाला मामानं हौसाला आणून पलीकडं अगदी पुढं बसवलं. मेजर अलीकडं. मधे ते ओलं धडपं.

त्यानं सगळ्या गोष्टी केल्या. देव शिंकला, उडाला, बुडाला. राक्षसाला टेंगूळ आलं. पलीकडं पोरांचा नुसता गलका. मधेच मेजर अर्ध्या उडीत थांबला. मला वाटलं पाय मुरगळला. माझ्याकडं वळून म्हणाला, 'हसली.'

'एवढ्या पोरांत कसं वळकलं?'

'तिच्या आईचं हसणं हाय.'

खेळ सुटल्यावर आम्ही दोघं वळसा घालून पलीकडं गेलो. मामा पोरीचा हात धरून उभा होता. म्हणाला, 'हौसे, त्यो पडद्यातला देव बघायचा हुता न्हवं? ह्यो बघ. तुझा बा हाय ह्यो.'

पोरगी टकमक बघायला लागली. मेजरनं तोंड उघडलं. 'हौसा.'

ती मामाच्या धोतरामागं गेली. आता बिघडलं म्हणून मी मदतीला धावलो आणि देवाची शिंक दिली. पोरीचं डोकं बाहेर आलं. मी चिमण्या चिवचिवल्या. ती मामाला सोडून पळत आली, माझ्याकडं. सदऱ्याचं टोक धरून म्हणाली, 'ह्यो हाय देव.'

'न्हाई गं बाय. मी नुसता आवाज. देव त्यो. पडत हुता त्यो.'

तिनं मेजरकडं नीट बघितलं आणि मान हलवली. 'त्याला आवाजच न्हाई.'

मामा जमिनीकडं बघत म्हणाला, 'ऱ्हाऊ द्या, दाजी. ल्हान हाय.' मेजरनं तळहात झटकले. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, 'पोरीनं वळकलं बरूबर.' हसला, पण ते हसणं मी अजून कुणाला करून दाखवलेलं नाही. येत नाही मला.

दुसरा दिवस आष्ट्यातला शेवटचा. संध्याकाळी इंजिन चालू करता करता तो म्हणाला, 'आज तू गप बसायचं.'

'मेजर, नुसत्या सावलीला लोक शिट्ट्या मारतील.'

'मारू द्यात.'

ही गोष्ट त्यानं आधी कधीच केली नव्हती. आफ्रिकेतल्या एका काळ्या शिपायाची. आभाळ तवा लय खाली होतं, छपराएवढं, आणि देव त्याच्यावर पालथा पडून माणसांचं बघत असायचा. एक बाई उखळात कांडते. मुसळ वर गेलं की देवाच्या नाकाला लागतं. देव नाक चोळतो, जरा वर सरकतो. परत मुसळ, परत नाक. असं करत करत आभाळ घेऊन देव लांब निघून जातो.

बत्तीजवळ सावली मोठी पडते. ती लहान करायची तर बत्ती सोडून पडद्याकडं सरकावं लागतं. म्हणजे देव लांब चालला होता आणि मेजर एकेक पाऊल पडद्याच्या जवळ.

आवाज नव्हता. अलीकडं दोन-चार शिट्ट्या झाल्या. सावलीनं मुसळ उचललं, खाली आणलं, आणि पलीकडनं एक बारीक आवाज आला. 'ढुप्प.'

मेजर थांबला. मग परत मुसळ उचललं. 'ढुप्प.' तिसऱ्यांदा मुद्दाम अर्ध्यात थांबवलं, तर पलीकडनं कुणीतरी चिडून म्हणालं, 'टाक की रं.' त्यानं टाकलं. 'ढुप्प.'

तो पडद्याला टेकायला आला होता. सावली आता माणसाएवढीच. मी कडेला होतो, म्हणून मला दिसलं, पलीकडनं एक बोट त्या ओल्या कापडावर टेकलं. कापडाला एवढासा फुगा आला, सावलीच्या पोटापाशी. मेजर हलला नाही. तेवढ्यात आपरेटर ओरडला, 'चढलं,' आणि चित्र सुरू झालं. मेजरच्या पाठीवर कुठल्या तरी राजाचा दरबार भरला. लोक ओरडायला लागले, तवा तो बाजूला झाला.

खेळ संपल्यावर पलीकडं गेलो तर मामाची गाडी निघून गेली होती. पोरगी झोपली म्हणून नेली, असं एका बाईनं सांगितलं.

मेजर मिरजेला आमच्याबरोबर आला नाही. मामाच्या गुऱ्हाळावर ऊस गाळायचं इंजिन होतं, तिथं राहिला. मला म्हणाला, 'ती येत न्हाई, तर मीच हितं ऱ्हातो.' आता रीळ बदलताना मालक गाण्याची तबकडी लावतो. मी चिमण्या चिवचिवतो, पण त्या कुणाच्या डोक्याभोवती फिरतात ते लोकांना कळत नाही. शेंगांची टरफलं परत उडायला लागलीत. जेवण झालं की मीही हल्ली इंजिनाकडं जाऊन बसतो. नवा इंजिनवाला बोलका आहे. त्याचा काही उपयोग होत नाही.

आम्ही निघालो त्या सकाळचं सांगायचं राहिलं. पडदा आणि मशीन गाडीत घालून मी वर बसलो होतो. उन्हं नुकती वर आलेली, सावल्या लांब. मामाच्या खळ्याजवळनं गाडी चालली होती. मेजर खळ्यात उभा होता, पोरीकडं पाठ करून. तोंड दिसलं की ती पळते, हे त्यानं ध्यानात घेतलं असावं. त्याची सावली जमिनीवरनं लांब पसरत मागं गेली होती, आणि पोरगी खळ्याच्या दुसऱ्या टोकाला पाचटाच्या ढिगावर बसली होती. त्यानं हळूच एक हात वर केला. सावलीचा हात तिच्या पायापाशी आला. तिनं पाय आखडून घेतला. मग परत पुढं केला.

त्यांच्यामधलं अख्खं खळं तसंच मोकळं होतं. मी गाडीतनं हाक मारणार होतो, 'मेजर, येतो आमी.' तोंड उघडलंही होतं. पण माझा आवाज ऐकला असता तर तिनं माझ्याकडं बघितलं असतं.

मी तोंड मिटलं. गाडीवानाला खुणेनं सांगितलं, हाक.