केसपेपरावरचा नंबर

मुलांनो, परवा फोनवर तुमच्यातली धाकटी म्हणाली, तुमच्या तिकडच्या परक्या देशातल्या दवाखान्यात एकटीनं बसायची भीती वाटते. तिच्या आईनं ते हसण्यावारी नेलं. मला हसू आलं नाही. म्हणून हे आत्ताच लिहिते, क्रमानं.

मुंबईतल्या दंगलींच्या बातम्या रोज येत होत्या, त्या हिवाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा ज्या संस्थेत काम करायचे, तिचा अभ्यास भोर भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आजारांवर होता. मुसलमान वस्त्यांतली म्हातारी माणसं उपचार अर्धवट सोडतात, असं डॉक्टर सांगत. का सोडतात, ते मला शोधायचं होतं.

कापूरहोळच्या हमरस्त्यालगत एक चाची राहायच्या. विधवा, एकट्या. साखरेच्या आजारानं त्यांच्या पायाचा अंगठा काळा पडत चालला होता. दवाखान्यात जाता ना, असं विचारलं की म्हणायच्या, "जाते की. बसते आन् येते." मला त्याचा अर्थ कळेना. शेवटी एके सकाळी मीच त्यांच्याबरोबर एसटीनं भोरला गेले.

तिथल्या जुन्या मुसलमान बायका इतरांसारखंच लुगडं नेसत, बोलतही तशाच. नाव ऐकेपर्यंत कुणाला काही कळायचं नाही. दवाखान्यातल्या बाकावर शेजारी एक शेतकरी बसला होता. त्यानं पिशवी उचलून चाचींना जागा दिली. पेपरातल्या बातम्यांवरून तो तावातावानं बोलत होता. मधेच चाचींकडे वळून म्हणाला, "आजी, तुमीच सांगा. ह्या लोकांचा काय भरवसा?"

"व्हय बाबा," चाची म्हणाल्या.

तेवढ्यात कंपाउंडरनं खिडकीतून त्यांचं पूर्ण नाव पुकारलं. चाची हलल्या नाहीत. त्यानं पुन्हा पुकारलं. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"चाची, तुमचं नाव आलं," मी हळूच म्हटलं.

"ते माजं न्हाई."

कंपाउंडरनं पुढचं नाव घेतलं. बसते आणि येते, म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. अंगठ्याचा वास येत होता. आज परत गेलो तर पाय जाईल, हे मला दिसत होतं. आणि त्या शेतकऱ्याची मलाही भीती वाटत होती.

मी खिडकीशी गेले. नाव घेऊ नका, केसपेपरावरच्या नंबरानं बोलवा, असं कंपाउंडरला सांगितलं.

"बाई, रेशनचं दुकान हाय का हे?" तो म्हणाला. पण माझ्या तोंडाकडे पाहून त्यानं हाक दिली, "सात नंबर."

चाची उठल्या. लंगडत निघाल्या तेव्हा त्याच शेतकऱ्यानं त्यांचा दंड धरला. "दमानं, आजी," म्हणत त्यानं दारापर्यंत पोचवलं. त्या सबंध दिवसात मला सगळ्यात जास्त भीती तेव्हा वाटली.

डॉक्टर म्हणाले, आजच पुण्याला न्या. चाचींनी मला विचारलं, "थितं माजं नाव कोन पुकारंल?"

"मी असेन," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

पुण्याला अंगठा काढावा लागला. पाऊल राहिलं. त्या पावलावर चाची पुढं बरीच वर्षं चालल्या. आता त्या नाहीत. भोरच्या त्या दवाखान्यात तेव्हापासून नंबर पुकारायची पद्धत पडली, ती अजून आहे, आणि गर्दीत कुणाचं नाव मोठ्यानं घेतलं की मी अजून माझंच मनगट घट्ट धरते.