उतारावरची घाणेरी

आमच्या घरामागे जाम नदीकडे उतरणारा एक उतार आहे. माती नावाला, बाकी सगळे दगड, मुठीत नेमके बसतील असे. दुसऱ्या कुठल्या गावात तो असता तर मी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण हे पांढुर्णा आहे आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे गोटमार असते. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्यालाच झेंडा म्हणतात. सावरगावचे ते राखतात, पांढुर्ण्याचे ते तोडायला धावतात आणि दिवसभर दोन्ही काठांवरून दगड सुटतात.

मी सावरगावची लेक आणि पांढुर्ण्याची सून. धाकटा भाऊ मिसरूड फुटल्यापासून त्या काठावर उभा राहतो. आणि या काठावरच्यांचे दगड संपले की ते आमच्या उतारावर येतात, टोपल्या भरतात, खाली नेतात. लग्नानंतरच्या पहिल्याच पोळ्याला मी मागच्या दारातून ते पाहिलं. माझ्या अंगणातला दगड माझ्याच भावाच्या डोक्यात बसला तर? सासूबाईंना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "कोनाचा दगड कोनाले लागला, हे इथं कोनी विचारत नाही वं. तूही नको विचारू."

ज्याचा भाऊ पलीकडे उभा नाही त्याने खुशाल म्हणावं. मला दर श्रावणात झोप लागेनाशी व्हायची. तारेचं कुंपण घातलं, ते गोटमारीच्या दिवशी आडवं झालं. यजमान म्हणाले, "दगड उचलून फेकून देऊ." पण वरचे उचलले की पावसाने खालचे उघडे पडायचे. त्या उतारात दगड पिकतात असंच मला वाटायला लागलं होतं.

तोड शेवटी भावानेच काढली. तो सौंसरला संत्र्याच्या कलमांच्या नर्सरीत कामाला आहे. एका वर्षी गोटमार उरकल्यावर, जमीन ओली असतानाच, तो पोतंभर रोपं घेऊन आला. जांभळ्या फुलांची घाणेरी. रानातली उंच वाढते, ही जमीन धरून पसरते. फांदी जिथे टेकेल तिथे मूळ सोडते, ना खत मागते ना लाड. फांद्या अशा गुंततात की आत हात घातला तर खरचटूनच बाहेर येतो.

घाणेरीला रायमुनिया म्हणणाऱ्या सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "तिगावकडच्या वावरातली रायमुनिया उपटता उपटता माही कंबर गेली, अन् तू ते घरी आनून लावतं?"

भाऊ हसत होता. "ताई, माह्या डोक्यासाठी एवढा खटाटोप करून राहिली काय? त्यापेक्षा हेल्मेट घेऊन दे."

"तू नदीवर जाऊच नको ना."

"अन् मंग झेंडा कोन राखन?"

मी खुरपं उचललं. आम्ही तिघांनी मिळून लावणी केली. भाऊ दगड सरकवून खळगे करत होता, मी रोपं बसवत होते आणि कॉलेजात जाणारा माझा मुलगा खालच्या कोपऱ्यापर्यंत बादल्या पोचवत होता. घाणेरीला घाणेरी उगाच म्हणत नाहीत. पान जरा चुरगळलं की असा उग्र वास हाताला बसतो की साबणालाही दाद देत नाही. त्या दिवशी जेवताना भाऊ प्रत्येक घासाला हात नाकाशी नेऊन तोंड वाकडं करत होता आणि मुलगा मामाला बघून पोट धरून हसत होता.

पुढचं सगळं वर्ष मी त्या उताराकडे बघण्यात घालवलं. आधी गवतच जास्त माजलं, ते वेचून काढावं लागलं. शेंडे खुडले की बाजूला फुटवे येतात असं भावाने सांगितलं होतं, म्हणून मी खुडत राहिले. जेठाच्या उन्हात पानं आक्रसून काळी पडली. मी भांडी धुतलेलं पाणीसुद्धा वाया जाऊ देत नव्हते. शेजारीण म्हणाली, "मेली ते, सोड आता." मी तिच्याशी आठवडाभर बोलले नाही. मग पाऊस लागला आणि त्याच काळ्या काड्यांना गाठीगाठीला पोपटी डोळे फुटले. पोळ्याच्या आदल्या दिवशी सगळा उतार गोधडी टाकल्यासारखा झाकला गेला होता. खालच्या कोपऱ्यात मात्र थोडी जागा उघडी होती. तिथे मी मुलाकडून कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या टाकून घेतल्या. तरी जीव थाऱ्यावर नव्हता.

गोटमारीच्या सकाळी मुलाने पायात बूट चढवले.

"पुलावरूनच पाहतो, आई. खाली नाही उतरत."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं नाही. माझं सगळं लक्ष उतारावर होतं.

दुपारी नदीकडून आरडाओरडा वाढला तसे चार-पाच जण टोपल्या घेऊन आलेच. मी मागच्या दाराशी उभी होते. एकाने फांद्यांत हात घातला, ओढून बाहेर काढला, वास घेतला आणि एक शिवी हासडली. दुसऱ्याने पायाने दाबून पाहिलं. मग ते दुसरीकडे निघून गेले. एवढं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. मी घरात आले, उरलेल्या पुरणाच्या पोळ्या लाटायला घेतल्या आणि चक्क गुणगुणले.

झेंडा तुटला, देवीच्या देवळात गेला आणि नदी शांत झाली. संध्याकाळी भाऊ आला. दरवर्षी येतो. दिवसभर एकमेकांवर दगड टाकणारे संध्याकाळी एकमेकांकडे जेवतात, इथली रीतच आहे. त्याच्या भुवईवर पट्टी होती आणि शर्टाच्या कॉलरवर रक्त वाळलेलं होतं.

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

"टाके पडले, बस," तो म्हणाला. "चेहरा असा नको करू. तुह्या अंगणातला नसन. तुही घाणेरी आहे ना राखनीले."

मला ते ऐकून रडू यायच्या बेतात असतानाही बरं वाटलं. लागला, पण माझ्या घरातला नाही लागला. एवढ्यावर मी समाधान मानत होते.

तेवढ्यात मुलगा आला. दारातच थबकला. मामाची पट्टी बघून त्याचा चेहरा उतरला. मग पुढे येऊन तो वाकला आणि मामाच्या पाया पडला. भावाने त्याचे दोन्ही हात धरून त्याला उठवलं आणि ते हात सोडलेच नाहीत. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक बारीक ओरखडे होते. आणि स्वयंपाकघरातल्या तुपाच्या, वेलचीच्या वासातूनही घाणेरीचा तो उग्र वास माझ्यापर्यंत पोचला.

पऱ्हाट्यांखाली दगड कुठे उघडे आहेत, हे माझ्याशिवाय त्यालाच ठाऊक होतं. माझं मन धावत सुटलं. धक्काबुक्कीत पडला असेल. लपायला शिरला असेल. दोस्तांनी ढकललं असेल. मुलगा खाली बघत होता.

भावाने त्याचे हात एकदा उलटे करून पाहिले. मग माझ्याकडे वळून नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "ताई, याले साबन दे."

मुलगा मोरीवर गेला. पाणी बराच वेळ वाहत राहिलं. मी भावाकडे बघत होते. विचारायचं नाही, हे सासूबाईंनी सांगितलेलं होतंच.

"डोळा वाचला ना," तो पट्टीवरून बोट फिरवत म्हणाला. "वाढ आता. अन् त्याले माह्याजवळ बसव."

मी दोन ताटं शेजारी शेजारी मांडली.