दोन्ही दुकानांचे एकच नंबर

आप्पासाहेबांची बियाण्यांची दोन दुकानं. जुनं नांदेडला, नवं लातूरला. दोन्हीकडचे कॉम्प्युटर इंटरनेटवरून आतल्या आत जोडणारा टनेल मुखेडच्या सोमेशनं टाकला होता. राउटरचा दिवा हिरवा होता, स्क्रीनवर ‘कनेक्टेड’ दिसत होतं. पण नांदेडचा माल लातूरला काही दिसेना. पेरणी तोंडावर आलेली. "आज झालं न्हाई तर हैदराबादचा माणूस बोलवतो. मग तुझं काय काम हितं?" असं आप्पासाहेबांनी सकाळीच सुनावलं होतं.

लातूरच्या दुकानात बसून सोमेशनं पासवर्ड तपासले, राउटर बंद करून चालू केला. मग नांदेडच्या सर्व्हरला पिंग केलं, म्हणजे नुसती हाक मारून पाहिली. उत्तर आलं, तेही क्षणात. नांदेडहून इतक्या लवकर? इथलंच कुणी ओ देतंय की काय, अशी शंका आली म्हणून त्यानं काउंटरवरच्या बिलिंग कॉम्प्युटरची वायर उपसली.

"ओ सोमेशराव, बिल अर्ध्यात हाय!" काउंटरवरचा मलप्पा ओरडला.

उत्तर थांबलं होतं. सोमेशनं वायर परत खोचली, तसं ते पुन्हा सुरू झालं.

लातूरचं दुकान मांडताना आप्पासाहेब म्हणाले होते, "नांदेडचं लाभलं. हितं समदं तसंच पायजे." काउंटर पूर्वेला, तिजोरी त्याच कोपऱ्यात, अन् कॉम्प्युटरांचे नेटवर्कवरचे आतले नंबरही तेच. तेव्हा सोमेशनं मान डोलावली होती. आता नांदेडच्या सर्व्हरचा दहा नंबर मागितला की लातूरचाच दहा नंबर, हा बिलिंगचा कॉम्प्युटर, ओ देत होता. मागणी टनेलपर्यंत पोचतच नव्हती.

तो गल्ल्यावरच्या आप्पासाहेबांकडे गेला. "इथले नंबर बदलावे लागतील, आप्पा. दुपारभर बिलिंग बंद राहील."

"गिऱ्हाईक दारात अन् तू दुकान बंद करायला सांगून राहिलास? वरून लाभलेले नंबर मोडायचे?"

"त्याशिवाय चालणार न्हाई."

"तुझ्यानं होत न्हाई, असं म्हण की सरळ." आप्पासाहेबांनी हैदराबादला लावायला फोन उचलला. "राउटरचा पासवर्ड मलप्पाला दे अन् नीघ."

हैदराबादचा माणूसही हेच सांगणार, हे सोमेशला ठाऊक होतं. त्याचं मात्र ऐकतील, हेही.

तो पायरीवर येतो न येतो तोच मुखेडहून आईचा, वर्षाराणींचा, फोन आला.

"लागलं का रे बाबा? सकाळपासून जीव टांगणीला हाय माझा."

"लागलं, आई."

"मग आवाज असा का?"

"लाईन खराब हाय."

"मला तर साफ ऐकू येऊन राहिलंय. जेवलास?"

"हाव," तो म्हणाला, आणि उपाशीच स्टँडकडे चालू लागला.