दोरेसाहेब आणि त्यांचा राग

आमच्या ज्वारी संशोधन केंद्रात एक संख्याशास्त्रज्ञ होते आणि त्यांना सरासरीचा भयंकर राग. हलवायाला साखरेचा राग असावा तसला प्रकार! जन्म सोलापुरातल्या विणकर घरातला, घरी तेलुगू, सभेत शुद्ध मराठी आणि रंगात आले की अस्सल सोलापुरी. खिशात कायम बापाच्या मागावरच्या सुताचं भेंडोळं, म्हणून पाठीमागे आम्ही त्यांना दोरेसाहेब म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं.

कुणी गावोगावच्या प्रयोगांची सरासरी घेऊन गेलं, की ते म्हणायचे, "एक भाकरी कच्ची, एक करपलेली. सरासरीनं छान भाजली म्हणायचं की काय?" मग आलेखाचा कागद काढायला लावायचे. प्रत्येक गावासाठी एक टिंब, नवं बियाणं जुन्यापेक्षा किती सरस ठरलं ते दाखवणारं. टिंबातून आडवी रेघ. निकाल पक्का असेल तर आखूड, डळमळीत असेल तर लांब. सगळी गावं एकाखाली एक. मग सरासरीच्या जागी दोन टाचण्या टोचून उभा दोरा ताणायचे. दोरा बहुतेक रेघांना शिवला, तर सरासरी घ्यायची परवानगी. नाहीतर चहा मागवायचे आणि कागदाकडे बघत बसायचे.

सत्तरनंतरची ती कोरडी वर्षं. मी ज्या वाणावर राबलो, त्याची सरासरी आली जुन्या बियाण्याइतकीच. मोठ्या साहेबांनी वाण रद्द करायचं ठरवलं. वाण गेलं की माझी तात्पुरती नेमणूकही जाणार होती, आणि इकडे माझं लग्न ठरलेलं. सासऱ्यांना काय तोंड दाखवू, या विचारानं माझं जेवणावरून मन उडालं होतं.

सभेच्या आदल्या दिवशी दोरेसाहेबांनी मला कागद घेऊन बसवलं. टिंबं काढली, रेघा ओढल्या, दोरा ताणला. तो मधल्या मोकळ्या जागेतून सरळ खाली गेला, एकाही रेघेला शिवला नाही. निम्मी गावं उजवीकडे, नवं बियाणं सरस ठरलेली; निम्मी डावीकडे, जुनं सरस ठरलेली. त्यांनी मला गावांची नावं वाचायला लावली. उजवीकडची सगळी मंगळवेढ्याकडची, काळ्या खोल जमिनीची. डावीकडची सांगोल्याकडची, मुरमाड.

सभेत कागद बघून मोठे साहेब खूश झाले. डावीकडची गावं वगळून टाका, निकाल झकास दिसेल, असं म्हणाले. माझी त्याला काहीच हरकत नव्हती! दोरेसाहेब मात्र शांतपणे म्हणाले, "वगळायचं न्हाय, साहेब. तिथली जमीन बघायची."

शेवटी वाण मंजूर झालं, फक्त खोल काळ्या जमिनीसाठी, आणि सांगोल्यासाठी वेगळं वाण शोधायचं काम माझ्याकडे आलं. हायसं वाटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. त्या दुपारी मी दोन माणसांचं जेवलो.

पुढे दोरेसाहेब निवृत्त झाले. निरोपाच्या सभेत जो तो उठून त्यांचं कौतुक करत होता. माझी पाळी आली तेव्हा मी उभा राहिलो आणि तोंडातून शब्दच फुटेना. लोक चुळबुळ करू लागले. सूत्रसंचालकानं पुढचं नाव पुकारलं.

"थांबा की जरा," दोरेसाहेब खुर्चीतून म्हणाले, "त्याला वगळू नका."

मग मी रडलो.