सासूच्या खिशातली बाटली

केराना लग्न होऊन आमच्या गावात आली तेव्हा तिच्याबद्दल पहिली बातमी पसरली ती अशी, की झेल्योच्या बायकोला हसता येत नाही. हसायला गेली की वरचा ओठ तेवढा उचलला जायचा, गाल जागचे हलायचे नाहीत, आणि समोरच्याला वाटायचं की ही आपल्यावर दात विचकते आहे. लग्नाच्या जेवणाला दुपार कलली तशा तिच्या पापण्या खाली आल्या, त्या काही केल्या वर जाईनात. "नवरी पेंगली! झेल्यो, आत्ताच पेंगली रे तुझी!" असं कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. ती मान मागे टाकून, पापण्यांच्या फटीतून सगळ्यांकडे बघत बसली होती. गावाला ते गर्विष्ठपणाचं वाटलं.

सासू रुसाना विधवा. झेल्यो एकुलता, तो दूर डोंगरात शिशाच्या खाणीत कामाला, वर्षातून दोनदा घरी यायचा. म्हणजे घरात या दोघीच. चार मेंढ्या, एक गाढवीण, तंबाखूचा तुकडा, आणि वसंतात सगळ्या गावासारखं कोकिचे कापायचं काम. आमच्या तुंजा नदीच्या काठची रानं वसंतात पाण्याखाली जातात, आणि त्या दलदलीत कोकिचेची लांब हिरवी पात माजते, तिच्यात पांढरी लोंबती फुलं. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून विळ्यानं पात कापतात. पातीच्या बुडाशी मातीत असलेल्या कांद्याला हात लावायचा नाही. कांदा उपटला तर पुढच्या वर्षी पात नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. कापलेली पात सहकारी संस्थेच्या छपरीत वाळवायची, तिथून ती औषधाच्या कारखान्यात जाते.

केराना सकाळी सगळ्यांच्या बरोबरीनं कापायची. मग हळूहळू तिचा हात उतरत जायचा. विळा पाण्यात पडायचा. दुपारी भाकरी चावताना ती एका हातानं हनुवटी वर ढकलायची, कारण जबडा दमायचा. बोलणंही तसंच. वाक्य नीट सुरू व्हायचं, मग नाकात जायचं, मग थांबायचं. पुढचं सगळं आत शिल्लक असायचं, ते तिच्या डोळ्यांत दिसायचं, पण बाहेर यायला वाट नसायची.

"माझ्या नशिबी अर्ध्या दिवसाची सून आली," रुसाना छपरीत सगळ्यांसमोर म्हणायची. "बारा वाजले की हिचं देऊळ बंद."

माझे पती पानायोत गावच्या दवाखान्यात डॉक्टरांचे मदतनीस होते. पण डॉक्टर तालुक्याला, त्यामुळे गाव त्यांनाच डॉक्टर म्हणायचं. त्यांनी केरानाला एकदा हात वर धरून ठेवायला सांगितलं आणि ते हात भिजलेल्या कपड्यासारखे खाली येताना पाहिले. तेव्हा त्यांनी तिला याम्बोलच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. सोबत रुसाना गेली, आणि रुसानाला शहराचं भय म्हणून मीही गेले.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी केरानाच्या दंडात एक सुई टोचली आणि आम्हाला बसून राहायला सांगितलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. पडदा वर ओढावा तशा तिच्या पापण्या उघडल्या. मग ती आमच्याकडे वळून हसली, गालांसकट. रुसानानं छातीवर क्रूस काढला.

"हे औषध कशाचं आहे, ठाऊक आहे का?" बाई म्हणाल्या. "तुमच्याच दलदलीतल्या पातीचं. गॅलंटामिन म्हणतात. हिच्या नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाही, वाटेत विरतो. याच्यानं तो पोचतो. पोलिओनं पाय गेलेल्या पोरांनाही आम्ही हेच देतो."

"आमच्या पातीचं?" रुसाना म्हणाली. "मग आम्हाला फुकट द्या."

बाई हसल्या. त्यांनी पांढऱ्या गोळ्यांची एक तपकिरी बाटली काढली आणि रुसानाकडे बघून म्हणाल्या, "दिवसाला किती ते लिहिलं आहे. जास्त झालं तर विष आहे हे. घरातल्या कुणीतरी लक्ष ठेवा." केरानाचा हात पुढे झाला होता, पण बाटली मोठ्या माणसाच्या हातात गेली. रुसानानं ती कमरेच्या कापडाच्या खिशात टाकली आणि खिशाला पिन लावली.

त्या दिवसापासून केरानाचं आयुष्य त्या पिनेच्या आत गेलं.

रुसाना दुष्ट नव्हती. कामाच्या दिवशी गोळी ती चुकवायची नाही. पण गोळी केव्हा, हे ती ठरवायची, आणि ती कामाकडे बघून ठरवायची. मेंढ्यांचं दूध काढायच्या आधी एक. तंबाखूची पानं ओवायची असली की एक. भाकरीच्या दिवशी पहाटे. काम संपलं की औषधाचा जोरही संपत यायचा, आणि संध्याकाळी आम्ही बायका फाटकाबाहेरच्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचो तेव्हा केराना घरात भिंतीला टेकून, मिटल्या डोळ्यांनी आमचे आवाज ऐकत असायची. रविवारी काम कमी, म्हणून रविवारी दिवसभर गोळी नाही.

मी एकदा रुसानाला बोलले. "अगं, एखादी संध्याकाळी दे की. येईल बाहेर, बसेल चार माणसांत."

"बसायला गोळी लागते होय? माझं ढुंगण बिनगोळीचं बसतं."

"तिला बोलावंसं वाटत असेल."

"गोळी काय मिठाई आहे, वाटली की खाल्ली? शहाणी आहेस, नन्सच्या शाळेत शिकलीस, डॉक्टरीणबाई काय म्हणाली ते ऐकलंस ना? विष म्हणाली. माझ्या पोराची बायको माझ्या हातून मेली तर तू येशील झेल्योला सांगायला?"

पानायोतही एकदा सांगून आले, त्यांनाही तेच ऐकवलं गेलं, वर घरी गाळलेल्या दारूचा, राकियाचा, एक पेला मिळाला.

केरानाशी माझं बोलणं व्हायचं ते दूध घालायला ती आमच्याकडे यायची तेव्हा, सकाळी, गोळीचा जोर असताना. घाईघाईनं बोलायची, दुकान बंद व्हायच्या आत सामान घ्यावं तसं.

"ताई, मला काही जास्त नको," एकदा म्हणाली. "आहे तेवढ्याच. फक्त बाटली माझ्याजवळ हवी. सकाळी डोळे उघडतात ते मेंढ्यांसाठी उघडतात. माझ्यासाठी एकदाही नाही."

"मागून बघितलंस?"

"मागायला तोंड लागतं. मागायची वेळ येते तोवर ते मिटलेलं असतं. आणि उघडं असतं तेव्हा आई म्हणतात, बोलण्यात घालवू नकोस, बादली उचल."

तिनं झेल्योला पत्र पाठवलं होतं. त्याचं उत्तर आलं, आई म्हणते तसं कर.

असं दुसरं वर्ष गेलं. त्या उन्हाळ्यात तालुक्याच्या औषधालयात गोळ्या आल्याच नाहीत. पानायोत दोनदा जाऊन रिकाम्या हातांनी परत आले. रुसाना गोळ्यांचे तुकडे करू लागली, आणि केराना भिंतीपासून उठेनाशी झाली. पाणी पिताना ते नाकातून परत यायचं. आता रुसाना खरीच घाबरली होती. कुणाला दाखवत नव्हती, पण तिनं टोमणे मारणं बंद केलं होतं, त्यावरून कळत होतं.

त्यात एन्योव्हदेन आला. जूनमधला तो दिवस, त्या पहाटे रानातल्या प्रत्येक वनस्पतीत सगळा गुण उतरलेला असतो असं आमच्याकडे मानतात. बायका दवात जाऊन वनस्पती खुडतात, सत्त्याहत्तर आणि अर्धी. सत्त्याहत्तर त्या नाव असलेल्या दुखण्यांसाठी. अर्धी त्या दुखण्यासाठी, ज्याला नाव नाही. पानायोतनी रुसानाला केरानाच्या दुखण्याचं नाव चारदा सांगितलं होतं. तिच्या जिभेवर ते बसेना, म्हणून तिच्या लेखी ते दुखणं बिननावाचंच होतं. आणि त्याचं औषध कशाचं, हे तर खुद्द डॉक्टरीणबाईनं सांगितलेलं.

पण जूनमध्ये कोकिचेची पात पिवळी पडून मातीला मिळालेली असते. रुसानानं कांदे उकरले.

मी त्या सकाळी त्यांच्याकडे गेले ती दाराला बांधायच्या वनस्पतींच्या जुड्या घेऊन. रुसाना दारातच भेटली, चेहरा पांढराफटक. "डॉक्टरांना बोलव. गोळी लागू पडत नाही तिला. शेवटची उरलेली दिली, तरी खालीच जातेय."

मी शेजारच्या बाईला दवाखान्याकडे पिटाळलं आणि आत गेले. केराना जमिनीवर अंथरुणात होती. तोंडातून लाळेची धार, डोळ्यांतून पाणी, कपाळ घामानं थबथबलेलं, अंथरुणाशेजारी ओकारी. दंडांवरची कातडी आतून कुणी टिचक्या माराव्यात तशी उडत होती. रुसानाच्या हातात चमचा होता, त्यात गोळीचा चुरा कालवलेला.

"अर्धी अजून निघाली खिशाच्या शिवणीत," ती म्हणाली. "धर तिचं डोकं."

मी डोकं धरलं. चमचा तोंडात गेला. केरानाला ओठ मिटता येत नव्हते, मान फिरवता येत नव्हती. तिनं जे करता येत होतं ते केलं, जीभ ढिली सोडली आणि सगळं बाहेर ओघळू दिलं. रुसानानं बोटानं ते गोळा करून परत आत ढकललं. पुन्हा बाहेर. आणि तिचे डोळे माझ्यावर होते. बंद घराच्या खिडकीत माणूस उभं असावं तशी ती त्या डोळ्यांत उभी होती.

"थांब, रुसाना. तिला नकोय."

"तिला काय कळतंय! शक्ती नाही अंगात, दिसत नाही का? औषध कमी पडतंय!"

"ती थुंकतेय. मुद्दाम थुंकतेय."

पानायोत आले ते धापा टाकत. त्यांनी बोटानं पापणी उचलली आणि त्यांचा चेहरा बदलला. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. "हे कमी पडल्याचं नाही," ते म्हणाले. "हे जास्त झाल्याचं आहे. कमी पडलं तरी माणूस असाच गळतो, जास्त झालं तरी असाच. काय दिलंत?"

"लिंडनच्या फुलांचा काढा दिला. सर्दीला."

"रुसानाबाई, ती गुदमरतेय."

रुसानानं चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "कांदे. कोकिचेचे. उकळून. दव सुकायच्या आत काढलेले."

पानायोतनी अॅट्रोपिनची सुई दिली, थोड्या वेळानं दुसरी. तेही एका रानटी झुडपाच्या मुळातूनच निघतं. लाळ थांबली, श्वास मोकळा झाला. संस्थेच्या ट्रकमधून तिला याम्बोलला नेलं. जाताना रुसाना फळीवर तिचं डोकं मांडीत घेऊन बसली होती, आणि रस्ताभर "मी तुझ्यासाठीच केलं गं, तुझ्यासाठीच केलं" एवढंच म्हणत होती. ते खोटं नव्हतं.

केराना सप्टेंबरात, द्राक्षं उतरायच्या सुमाराला परत आली. आम्ही बायका बाकावरच होतो. बस वळणावर थांबली, ती उतरली, हातात बोचकं. रुसाना फाटकात उभी होती, तिनं हात पुढे केला.

"दे इकडे. आत ठेवते."

केरानानं बोचकं दिलं.

"ते नाही. गोळ्या."

"त्या असू दे माझ्याजवळ, आई."

"पुन्हा काही झालं म्हणजे?"

"झालं तर माझ्या हातून होईल."

रुसाना आमच्याकडे बघत होती, कुणीतरी काही बोलावं म्हणून. केरानानं झग्याच्या गळ्यातून दोरीला बांधलेली बाटली काढली, एक गोळी जिभेवर ठेवली आणि मी पुढे केलेल्या तांब्यातलं पाणी प्यायली.

"आत्ता?" रुसानाचा आवाज चिरकला. "संध्याकाळ झाली! मेंढ्या पिळून झाल्या. आत्ता काय काम आहे?"

"काम नाही," केराना म्हणाली.

ती माझ्या शेजारी बसली. मी मूठभर बिया तिच्या ओच्यात टाकल्या. ती त्या एकेक सोलत होती आणि बोलत होती, इस्पितळातल्या शेजारणीबद्दल, तिथल्या पांचट सूपबद्दल, बसमध्ये कोंबडा घेऊन चढलेल्या माणसाबद्दल. कोंबड्याची गोष्ट काही फार मजेची नव्हती, पण ती लांब होती, आणि तिनं ती शेवटापर्यंत सांगितली. रुसाना फाटकातच उभी राहिली, बोचकं छातीशी धरून. अंधार पडेपर्यंत ना ती आत गेली, ना येऊन बसली.