बेल नसलेल्या बसमधली बेल

नमस्कार. मी इथे बरेच दिवस नुसती वाचत होते, लिहायचा धीर आज होतोय. सवय नाही, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमच्या मांजरी गावात तिठ्यावर उतारा ठेवलेला दिसला की आई लांबून वळसा घालायची. मी शाळेत असताना एकदा त्यातला नारळ उचलला आणि मैत्रिणीबरोबर फोडून खाल्ला. दोघींनाही काही झालं नाही. माझ्यापुरता तो विषय तिथेच संपला होता. म्हणून पुढचं लिहिताना जरा संकोच वाटतोय...

तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचून टिकलेली मी पहिलीच. ताई माझ्याहून हुशार. पण ती अकरावीत असताना स्टॉपवर पोरं तिची छेड काढतात हे दादांच्या कानावर गेलं (वडिलांना आम्ही दादा म्हणतो) आणि दुसऱ्या दिवसापासून तिचं कॉलेज बंद. पोरांचं काहीच झालं नाही. वर्षभरात ताईचं लग्न झालं. माझी अॅडमिशन झाली तेव्हा दादा एवढंच म्हणाले, "शिक. पण ताईसारखं काही कानावर आलं, तर मी परत इचार करणार न्हाई."

त्यामुळे बसमध्ये जे चाललं होतं ते मी कुणालाही सांगितलं नाही.

दुपारी कॉलेज सुटलं की मी स्वारगेटहून बस पकडायचे. पूलगेटला एक माणूस चढायचा. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाईल. बघणाऱ्याला वाटावं, कुठल्यातरी ऑफिसातले साहेब आहेत. बस मोकळी असली तरी तो माझ्यामागेच येऊन उभा राहायचा. मी सरकले की तो सरकायचा. ब्रेक लागला की त्याचा तोल फक्त माझ्याच अंगावर जायचा. मी सॅक पाठीवरच ठेवायला लागले, बस बदलून पाहिली... तो पुन्हा दिसायचाच. ओरडायचं म्हटलं तर बसमध्ये आमच्या गावाकडचं कुणी ना कुणी असतंच. संध्याकाळपर्यंत बातमी घरी, आणि कॉलेज संपलं.

त्या दिवशी बस भरलेली होती. माझ्याजवळच्या लेडीज सीटवर रोज दिसणाऱ्या एक चाची बसल्या होत्या, मांडीवर शिवणकामाचं गाठोडं घेऊन. पुढे आमच्या वस्तीवरचे तात्या उभे होते. फातिमानगर गेलं आणि त्याचा हात माझ्या कमरेला लागला. या वेळी ब्रेकबिक काही नव्हतं. मी तोंड उघडलं. खरंच ओरडणार होते. पण आवाज आला नाही.

आणि त्याच क्षणी बेल वाजायला लागली.

टिंगटिंगटिंगटिंग — सलग. जुन्या बसमध्ये छताला दोरी असायची आणि ड्रायव्हरजवळ पितळी घंटी, तसा आवाज. पुढचा स्टॉप आला, पण ड्रायव्हरकाकांनी बस थांबवलीच नाही. उलट वेग वाढवला.

"अहो, स्टॉप गेला!"

"ड्रायव्हरसाहेब, आम्हाला सोलापूरला जायचं नव्हतं!"

"जाऊ द्या हो, एरवी हात केला तरी थांबत नाहीत. आज उतरूही देत नाहीत, एवढाच फरक."

कंडक्टर तरुण होता. गर्दीतून वाट काढत पुढे ओरडला, "काका, थांबवा! मी बेल दिली नाही! आपल्या गाडीला बेलच नाहीये!" हे खरं होतं. त्याच्या गळ्यात शिट्टी होती, त्यावरच बस चालायची.

काकांनी बस थेट पोलीस चौकीच्या दारात उभी केली. इंजिन बंद झालं, आणि बेलही.

"मास्तर, काय झालं? पाकीट मारलं का कुणाचं?" काका मागे येत कंडक्टरला म्हणाले.

"काही नाही झालं, काका. मी खरंच नाही वाजवली."

काका छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी नवीन होतो तेव्हा माझ्या कंडक्टर मास्तरांनी शिकवलं होतं. एक टोला म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. आणि सलग वाजली तर दार उघडायचं नाही, कुठे थांबायचं नाही, गाडी थेट चौकीला लावायची. गाडीत कुणीतरी अडचणीत आहे असं समजायचं. मला दुसरं काही सुचलंच नाही."

चौकीतून एक पोलीस मॅडम बाहेर आल्या. "कोणाची तक्रार आहे?"

तो फाईलवाला शांतपणे म्हणाला, "तक्रार कसली, मॅडम. कसली बेल नि कसलं काय. ह्यांनी उगीच गाडी पळवली. ह्यांच्यावर कारवाई करा आणि आम्हाला सोडा."

"उगीच कशी?" तात्या म्हणाले. "येवढी ठणाणा वाजत हुती की!"

"कुठे वाजत होती?" त्याने विचारलं. थट्टेने नाही. तो खरंच आमच्या तोंडांकडे बघत होता.

कंडक्टर हळूच म्हणाला, "काका, तक्रार नसेल तर मेमो मिळेल तुम्हाला." काकांनी मान हलवली आणि रुमालाने कपाळ पुसलं. मला ताई आठवली. आता गप्प बसले तर उद्या पुन्हा हाच माणूस, हीच बस. बोलले तर कदाचित उद्या कॉलेजच नाही.

"माझी आहे," मी म्हणाले. "तक्रार माझी आहे."

तात्या माझ्याजवळ आले. "आगं पोरी, दादाला काय वाटंल? येवढ्या मान्सांत..."

तेवढ्यात चाची गाठोडं सीटवर ठेवून उठल्या. "अहो भाऊ, ज्याला वाटायला पाहिजे तो तिकडे उभा आहे, त्याला विचारा. मॅडम, माझी साक्ष लिहा. मी रोज बघते. बोलायला हवं होतं, बोलले नाही."

दादांना फोन तात्यांनीच केला. ते मोटरसायकलवरून आले, चपलांना उसाच्या रानातला चिखल तसाच. माझ्याकडे बघितलं नाही. मॅडमचं सगळं ऐकून घेतलं, माझ्या सहीशेजारी स्वतःची सही केली. घरी जाताना मी मनात पुस्तकं ताईच्या मुलांना द्यायचीही तयारी करून टाकली होती. रात्री जेवताना मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "उद्या कितीची बस हाय तुझी?"

मी सांगितली. ते म्हणाले, "बरं." मग भाकरी मोडता मोडता, "ताईच्या टायमाला मी त्या पोरांकडं जायला पायजे हुतं." आई भाकरी थापायची थांबली होती.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले.

बेलचं काय, ते मात्र कळलं नाही. काकांनी डेपोत बस तपासून घेतली. मेकॅनिकने छताचा पत्रासुद्धा उघडला. आत ना वायर, ना घंटी. कुणाच्या मोबाईलची रिंगटोन असेल असं कंडक्टर म्हणतो. असेलही. पण चाचींना ती त्यांच्या खिडकीपाशी ऐकू आली, तात्यांना मागून, काकांना स्वतःच्या डोक्यावर, आणि पोलीस मॅडमना चौकीच्या आत. बस वळायच्या आधीच त्या खुर्चीतून उठल्या होत्या म्हणे. आणि त्या एकट्या माणसाला ती ऐकूच आली नव्हती. मी त्याचा चेहरा पाहिला होता. तेवढ्या एका गोष्टीत तो खोटं बोलत नव्हता असं मला वाटतं.

मला यामागचं कारण माहीत नाही. इथल्या कुणाला असं काही ठाऊक असेल तर जरूर सांगा, मी मनापासून वाचेन. त्यानंतर दोनदा मला बसमध्ये ओरडावं लागलं — एकदा स्वतःसाठी, एकदा शाळेच्या गणवेशातल्या एका मुलीसाठी. दोन्ही वेळा मी थोडी वाट पाहिली, वर छताकडेही बघितलं.

काहीच वाजलं नाही. मग मी ओरडले, आणि आवाज आला.